स्मृती आणि कॅल्शियमची वेळ





परीक्षा तोंडावर आल्या की आपल्याकडच्या औषध दुकानांत स्मरणशक्तीच्या गोळ्या आणि सिरप मागणारे पालक दिसू लागतात. पोटाला चिमटा काढून ते घेतात, आणि ‘कॅल्शियमही सुरू करू का?’ असे विज्ञान शिक्षकांना विचारतात. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कॅल्शियम आणि स्मृती यांचे नाते खरोखरच फार जवळचे आहे. मात्र ते गोळीच्या वजनावर चालत नाही. ते वेळेवर चालते. आज मला एवढेच सांगायचे आहे.

वऱ्हाडी माणसाला कॅल्शियमचे काम ठाऊक आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसते, जमीन दडपते, पाणी मुरत नाही. जिप्सम टाकले की त्यातले कॅल्शियम सोडियमला हुसकावते आणि माती मोकळी होते. सजीवांच्या शरीरातले त्याचे महत्त्व १८८३ मध्ये लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर यांनी दाखवले. नळाच्या पाण्यात केलेल्या मिठाच्या द्रावणात बेडकाचे हृदय धडधडत राही, ऊर्ध्वपातित पाण्यात केलेल्या द्रावणात मंदावे. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा होता.

आता मेंदूकडे वळू. चेतापेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट जास्त असते. आत शिरलेले कॅल्शियम पेशी सतत बाहेर उपसत राहते. त्यामुळे वाट क्षणभर उघडली तरी आत लोंढा येतो, आणि हा लोंढाच पेशीसाठी निरोप ठरतो. दोन चेतापेशींच्या सांध्यावर, म्हणजे सायनॅप्सवर, एनएमडीए नावाचा ग्राही असतो. त्याच्या मार्गात मॅग्नेशियमचा अडसर असतो. अलीकडच्या पेशीने ग्लुटामेट हे संदेशवाहक द्रव्य सोडले आणि त्याच वेळी पलीकडची पेशीही उद्दीपित झाली, तरच हा मार्ग मोकळा होऊन कॅल्शियम आत शिरते. दोन घटना एकत्र घडल्याची पहिली नोंद इथे होते.

हा निरोप वाचायचे काम कॅल्शियम ओळखणाऱ्या प्रथिनांचे. त्यांतले प्रमुख म्हणजे कॅल्मोड्युलिन. ते १४८ अमिनो आम्लांचे छोटेसे प्रथिन आहे आणि त्यात कॅल्शियमचे चार आयन बसतात. ते बसले की त्याचा आकार बदलतो आणि ते दुसऱ्या प्रथिनांना बिलगून त्यांना कामाला लावते. आपल्या शेतातल्या कपाशीच्या पेशीतही कॅल्मोड्युलिन असते. निसर्गाने इतक्या जुन्या साधनावर आपल्या आठवणी सोपवल्या आहेत, याचे मला आजही नवल वाटते.

कॅल्मोड्युलिन ज्यांना जागे करते, त्यांतले दोन एन्झाइम एकमेकांविरुद्ध काम करतात. कॅल्शियम झपाट्याने आणि भरपूर वाढले, तर कॅम-कायनेज-२ पुढे सरसावते आणि सांधा बळकट होतो. तेच कॅल्शियम थोडेसेच वाढून बराच वेळ रेंगाळले, तर कॅल्सिन्युरिन वरचढ ठरते आणि सांधा सैल होतो. द्रव्य तेच, पण त्याची मात्रा आणि वेळ बदलली की परिणाम उलटा. सैल होण्यालाही मी दोष देणार नाही. नको ते विसरल्याशिवाय हवे ते नीट शिकता येत नाही.

कॅम-कायनेज-२ हे १२ घटकांचे कडे असते. शेजारचे घटक एकमेकांना फॉस्फेट जोडतात, त्यामुळे कॅल्शियम ओसरल्यावरही ते काही काळ जागे राहते. १९९२ मध्ये अल्सिनो सिल्वा आणि सुसुमु तोनेगावा यांच्या चमूने त्याचे जनुक नसलेले उंदीर तयार केले. पाण्याच्या टाकीत बुडालेला ओटा कुठे आहे, हे त्या उंदरांना नीट लक्षात ठेवता येईना. १९९८ मध्ये सिल्वा आणि सहकाऱ्यांनी या प्रथिनातले २८६ व्या क्रमांकाचे एकच अमिनो आम्ल बदलले, तरी तेच घडले.

वेळेचे महत्त्व फळमाशीतही दिसते. १९९४ मध्ये टिम टली यांच्या चमूने माश्यांना गंध आणि विजेचा झटका यांचा संबंध शिकवला. दहा पाठ लागोपाठ दिले, तेव्हा दीर्घकालीन स्मृती तयार झाली नाही. तेच दहा पाठ मध्ये १५ मिनिटांची विश्रांती देऊन दिले, तेव्हा ती आठवडाभर टिकली.

माशीवरून मुलावर उडी मारू नये, हे मला मान्य आहे. पण अंतर ठेवून केलेली उजळणी टिकते, हे माणसांच्या बाबतीत हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच नोंदवले होते. आपल्या माधानचे संत गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) तान्हेपणीच दृष्टीला मुकले. त्यांनी ग्रंथ दुसऱ्यांकडून वाचून घेतले आणि शंभरावर ग्रंथ सांगून लिहवले. ऐकायचे, मनात घोळवायचे, पुन्हा सांगायचे, अशाच उजळणीवर त्यांचा अभ्यास चालला असणार.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली पालकांसाठी. रक्तातले कॅल्शियम शरीर काटेकोरपणे सांभाळते. त्याची उणीव असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर गोळी द्या, पण ती पाठांतरासाठी देऊ नका. मुलांना पुरेशी झोप द्या. दुसरी शिक्षकांसाठी. धडा संपला म्हणजे विषय संपला असे मानू नका. चार दिवसांनी, मग पंधरवड्याने, पुस्तक मिटवून पुन्हा विचारा. मुलाला स्वतः आठवायला लावा.

तिसरी मागणी संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्याकडे आहे: फळमाशीच्या प्रयोगशाळा काढा. ओबेद सिद्दीकी यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ मध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारला आणि पुढे फळमाशीच्या चेतासंस्थेवर काम केले. फळमाशी पाळायला महागडी यंत्रे लागत नाहीत. मक्याचे पीठ, साखर, यीस्ट, अगर आणि काचेच्या बाटल्या एवढ्यावर तिची पैदास होते. आपल्या महाविद्यालयांत अशा प्रयोगशाळा निघाल्या, तर दर्यापूर-मूर्तिजापूरची मुलेही स्मृतीचा प्रश्न पाठ न करता तपासू शकतील. हे काम येत्या जूनपासून एकेका महाविद्यालयात सुरू करावे, असा ठराव विज्ञान शिक्षकांच्या या संमेलनाने करावा, ही माझी आग्रहाची विनंती.