तेलाची बाटली, मापाची बाटली

साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्स कारखान्यात एकेकाळी 'प्रिया' स्कूटर तयार होत असे. टू-स्ट्रोक गाडी ती. पेट्रोलमध्ये लिटरला साधारण 20 मिलिलिटर तेल मिसळावं लागे. माप चुकून तेल जास्त पडलं की धूर, कमी पडलं की इंजिन जाम.

आजच्या फोर-स्ट्रोक मोटरसायकलींना तेल वेगळं भरायचं असतं, पण मापाची गरज तीच. म्हणून घरी प्लास्टिकची तेलबाटली घेताना आधी तिच्यावरच्या मिलिलिटरच्या खुणा पाहा. तळाशी त्रिकोणात 2 हा आकडा असेल तर ते एचडीपीई प्लास्टिक. तेलाला चांगलं टिकतं. नळी लांब आणि लवचिक हवी, तोंडाला टोपण हवंच, नाहीतर धूळ थेट इंजिनात जाते.

पावसाळ्यात चेनवरचं तेल धुऊन जातं. इंजिन बंद करून, चाक हाताने फिरवत, चेनच्या आतल्या बाजूला थेंब थेंब सोडा. डिस्क ब्रेकवर मात्र एक थेंबही नको! ब्रेक ऑइल या बाटलीत कधीच भरू नका. ते हवेतली ओल शोषतं आणि त्यात साधं तेल मिसळलं तर ब्रेकचे रबर फुगतात.

आणि कळकळीची विनंती: पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तेल ठेवू नका. तहानलेलं लेकरू ती तोंडाला लावतं. जुनं काळं तेल 2016च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. ते गटारात, वेण्णा-कृष्णेत न ओतता, डब्यात साठवून वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या.