दोर आणि गाठ



दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून आम्हाला बोलायला उभं केलंय. कीर्तन नको, उपयोगाचं काही सांगा, असं मंडळींचं मत पडलं. तेव्हा दोरावर बोलतो. अवसरी खुर्दहून आळंदी गाठायची आणि तिथून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूर. वाटेत रोज तंबू उभा करायचा, रोज पाडायचा. एका तंबूच्याच शंभरावर गाठी होतात, आणि मारलेली प्रत्येक गाठ पहाटे अंधारात सोडावी लागते.

लोणंदच्या तळावरची गोष्ट. तेव्हा तंबूला तागाचे दोर असत. आम्ही ऐन तरणे. दोर तारेसारखे ताणले आणि वर निरगाठ मारली, गाठीवर गाठ. रात्री पाऊस लागला. ताग भिजला की आखडतो, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही, पण ध्यानात राहिलं नाही. वाऱ्याच्या अंगाचे दोर आखडून मेखा उपटायला लागल्या. ढिलं करायला गेलो तर गाठ दगड झालेली. नखं तुटली, दातानं ओढून पाहिलं. विळा शोधेपर्यंत मधला खांब कलला तो एका म्हातारीच्या खांद्यावर. हाड मोडलं. तिला तिथूनच जीपनं गावी धाडली. जाताना रागाचा शब्द नाही, "देवाला माझा नमस्कार सांग" एवढंच म्हणाली. पुढची आषाढी तिनं पाहिली नाही. गाठ कुणी मारली होती हे तेव्हा कुणी विचारलं नाही. आज सांगतो, आम्ही मारली होती.

तर तंबूला निरगाठ नको, सुरगाठ पाहिजे. मेखेला आधी दोराचे दोन वेढे द्या. सगळा ताण त्या वेढ्यांवर येतो, गाठीवर नाही. मग टोक ताणलेल्या दोराभोवती फिरवून अर्धी गाठ, आणि त्याच दिशेनं आणखी एक. दुसरी मारताना टोक सबंध ओढून काढू नका, दुमडून घाला. वीतभर टोक बाहेर ठेवा. हिसका दिला की सुटते, नाहीतर रात्रभर हलत नाही. मेख तंबूकडं पाठ करून तिरकी ठोका. भीमाकाठच्या काळ्या मातीत आखूड मेख पावसात लोण्यातून निघावी तशी निघते, तिथं लांब पहार लागते.

आता नायलॉन आला. तो गुळगुळीत, म्हणून वेढा तिसरा द्या. आणि त्याची तऱ्हा उलटी, भिजला की ढिला पडतो. ताग असेल तर झोपताना सैल करा, नायलॉन असेल तर मध्यरात्री उठून ताणा. पहाऱ्याच्या पोरांनी हे पाठ करावं.

ट्रकवरच्या सामानाला ड्रायव्हर लोक दोराच्या मध्यावर फासा करून, टोक खालच्या कडीतून आणून त्यातनं ओढतात. ते चांगलं, ताण बसतो. पण जनावराच्या गळ्यात सरकफास कधी घालू नका. बैल बुजला की फास आवळतो. न सरकणारी गाठ, आणि दोन बोटं आत जातील एवढी जागा.

बोलून गाठ येत नाही. उद्या काकड्यानंतर पोरांनी देवळामागं यावं. दोर आम्ही आणतो, मेखा तुम्ही आणा.