रेड्याचे वेद आणि सीएनसीचं बटण
(आळे येथील भाषण)



वेद बोललेल्या रेड्याची समाधी या आळ्यात आहे. रेडा वेद बोलला म्हणतात. पण त्याला अर्थ कुणी सांगितला?

याच पुणे-नाशिक रस्त्यावर, चाकणला, मी सीएनसीवर उभा असतो. माझाही रेडाच केलाय. जॉब लाव, हिरवं बटण दाब, जॉब काढ. टूल झिजलं की माप सरकतं, ते मला मायक्रोमीटरवर दिसतं. ऑफसेट बदलला की माप जागेवर येतं. पण ऑफसेटला पासवर्ड, आणि पासवर्ड साहेबाच्या खिशात!

हे नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्याला पगार जास्त. तिथंच अस्पृश्यांना बंदी. कांडी बदलताना सूत तोंडानं ओढायचं, म्हणून विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल लावून धरला.

आजचा पासवर्ड जात विचारत नाही. 'कायम की कंत्राटी' एवढंच विचारतो. कंत्राटीत कोण भरलेत, ते तुम्हाला सांगायला नको.

बटण दाबणं म्हणजे विद्या नव्हे. जी-०१ म्हणजे टूलनं ठरल्या गतीनं सरळ कापत जाणं. असा एकेक कोड शिका, शेजारच्याला शिकवा. आणि पगारवाढीच्या मागणीखाली दुसरी मागणी लिहा : आम्हाला प्रोग्रॅम शिकवा!

जय भीम!