भिंगाचे आयुष्य

श्रोतेहो, कॅमेऱ्याचे भिंग किती वर्षे टिकते, याचे उत्तर काचेत कमी आणि हवेत अधिक सापडते. शंभर वर्षांपूर्वीची कित्येक भिंगे आजही स्वच्छ चित्र देतात. परंतु चेन्नईच्या उत्तरेस असलेल्या एन्नोरची हवा निराळी. एकीकडे बंगालचा उपसागर, दुसरीकडे कोसस्थलैयार नदीची खाडी. त्यात 1970 पासून येथे कोळशावर वीज निर्माण होऊ लागली आणि राखेची भर पडली. खारी हवा भिंगाच्या धातूस गंजवते. राखेचे कण पुसताना काचेवर ओरखडे उमटतात. दमट दिवसांत कातडी पेटीत कोंडलेल्या भिंगास बुरशी धरते. तिची आम्ले आधी काचेवरील लेप आणि मग काचही खातात. तो व्रण पुसून जात नाही. कोकणातील श्रोत्यांना हा अनुभव नवा नसावा.

उपाय साधे आहेत. धूळ प्रथम रबरी फुग्याच्या वाऱ्याने उडवावी, मगच मऊ फडके लावावे. भिंग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावे. ओलावलेली जेल तापवून पुन्हा वापरता येते. मुख्य म्हणजे भिंग वापरात असावे.

2023 च्या डिसेंबरात मिचौंग वादळानंतर या खाडीत तेल शिरले. कोळ्यांच्या काळवंडलेल्या होड्या दूरच्या लोकांनी पाहिल्या त्या छायाचित्रांतूनच. अशा ठिकाणी भिंग जपणे म्हणजे साक्षीदाराची दृष्टी जपणे होय.