मुलांचा खेळ आणि खेळाचा पाया
(सुवर्णमहोत्सवानिमित्त तरुणमंडळ व पालक यांजपुढें केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ख्रिस्तमंदिरामागील मोकळ्या जागेवर बास्केटबॉलचें मैदान तयार झालें, ही मोठ्या आनंदाची गोष्ट होय. खांब उभे राहिले, कडीं बसलीं, रेघा आंखल्या गेल्या. आतां मुलें येतील. पहिल्या दिवशीं तीं येतील यांत शंका नाहीं. परंतु पुढील वर्षीं तींच मुलें येथें दिसतील काय, हा खरा प्रश्न आहे. ज्या तरुणांनीं शिकविण्याचें काम पत्करिलें आहे त्यांच्याशीं, व ज्यांचीं मुलें येथें येणार त्या आईबापांशीं, याच प्रश्नासंबंधीं आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत.

खेळ शिकविणारांत दोन पक्ष आढळतात. एक म्हणतो, आधीं पाया पक्का करा, मौज मागाहून. तो मुलांस रांगेंत उभें करून तासभर तेंच तें करवितो. दुसरा म्हणतो, मुलेंच तीं, चेंडू द्या आणि मोकळीं सोडा. पहिल्याकडील मुलें कंटाळून घरीं बसतात. दुसऱ्याकडे जो उंच व धीट तोच चेंडू बाळगतो, बाकीचीं नुसतीं मागून धांवतात आणि अखेर तींहि घरींच बसतात. आम्हांस वाटतें कीं, दोघांचा घोटाळा एकच आहे. पाया निराळा व आनंद निराळा असें ते धरून चालतात.

या खेळाचा जन्म कसा झाला तें पाहा. सन १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत जेम्स नेस्मिथ नांवाचे शिक्षक होते. ते मूळचे कॅनडाचे, व धर्मशास्त्राचें अध्ययन केलेले. हिवाळ्यामुळें बाहेर खेळतां येईना, आंतल्या कवायतीस अठरा तरुणांचा वर्ग अगदीं विटलेला, आणि दोन आठवड्यांत नवा खेळ काढा असा वरिष्ठांचा हुकूम! फुटबॉल आंत खेळावा तर हातपाय मोडावयाचे. तेव्हां नेस्मिथ यांस बाळपणींचा एक खेळ आठवला. मोठ्या खडकावर ठेविलेला दगड दुरून दगड मारून पाडावयाचा. आपल्या लगोरीचाच तो दूरचा भाऊ म्हणाना. त्यांत जोरानें भिरकाविलेल्या दगडापेक्षां कमानींतून अलगद टाकिलेला दगड अधिक कामाचा असे. म्हणून त्यांनीं लक्ष्य डोक्याच्या वर ठेविलें, कारण तेथें दांडगाईपेक्षां नेम उपयोगी पडतो. चेंडू घेऊन पळावयाचें नाहीं असा नियम केला, म्हणजे पळणारास पाडण्याचें कारणच उरलें नाहीं. इमारतीच्या रखवालदारानें पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्यास दहा फूट उंचीवर ठोकल्या, व तेरा नियम लिहून लाविले. पहिल्या सामन्यांत एकच गोल झाला, तरी वर्गाचा कंटाळा पार पळाला. नेम, पाय आवरणें, चेंडू दुसऱ्यास देणें, ज्यास आज आपण पाया म्हणतों तो विटलेल्या विद्यार्थ्यांना रिझविण्यासाठींच प्रथम शोधला गेला.

तर मग, तरुण मित्रांनो, तुम्हीहि तीच वाट धरा. प्रत्येक धडा खेळाच्या रूपानें द्या.

पहिला धडा थांबण्याचा. धांवतांना शिट्टी वाजतांच दोन्ही पाय एकदम टेकून, गुडघे वांकवून पुतळ्यासारखें उभें राहावयाचें. जो हालेल त्याची सर्वांनीं थट्टा करावी, पण त्यास बाहेर काढूं नये. जो चुकतो त्यालाच सराव अधिक हवा, मग त्याला बाजूस बसवून काय साधणार? थांबतां आलें कीं एक पाय खिळ्यासारखा रोवून दुसऱ्यानें फिरावयास शिकवा.

दुसरा धडा चेंडू आपटत नेण्याचा. तळव्यानें थापटावयाचा नाहीं, बोटांनीं खालीं लोटावयाचा. आणि नजर समोर. 'वर पाहा, वर पाहा' असें शंभरदां ओरडण्यापेक्षां प्रत्येकाच्या हातीं चेंडू देऊन विषामृत खेळवा. ज्यास विष मिळालें तो उभा, सवंगड्यानें शिवून अमृत दिलें कीं सुटला. जो आपल्या चेंडूकडेच पाहत राहील तो लागलीच पकडला जाईल, आणि तुम्ही न बोलतां त्याची मान वर होईल.

अडविणें शिकवावयाचें तर आट्यापाट्या आठवा. पाटीवरचा गडी तोंड समोर ठेवून, हात पसरून, पायावर पाय न पडूं देतां बाजूस सरकतो. बास्केटबॉलमध्यें समोरच्यास अडवितांना हेंच करावयाचें असतें.

पास शिकवितांना तीन विरुद्ध तीन खेळवा. चेंडू आपटण्यास मनाई. लागोपाठ पांच पास झाले कीं एक गुण. मग अगदीं लहानग्याच्या हातींहि चेंडू येतो, कारण त्याच्यावांचून पांच पुरे होत नाहींत.

आतां नेम. दहा फुटांवरील कड्याकडे मोठ्यांचा चेंडू फेंकतांना लहान मूल सारें अंग झोंकून देतें, आणि तीच वेडीवांकडी खोड अंगीं मुरते. अमेरिकेंतील स्क्रँटन गांवीं जे आर्चर यांनीं मुलांसाठीं कडें साडेआठ फुटांवर आणिलें व चेंडू लहान केला. लहान मुलांच्या आजच्या मिनी बास्केटबॉलमध्येंहि कडें ३.०५ ऐवजीं २.६० मीटरवर असतें, व चेंडू पांच नंबरचा वापरतात. आपणहि तसेंच करावें. मुलास कड्याजवळ उभें करा. कोपर चेंडूखालीं, शेवटीं मनगट पुढें वांकलेलें. एक चेंडू आंत गेला कीं एक पाऊल मागें. यश आधीं मिळालें म्हणजे अंतर आपोआप वाढतें.

तीन मुलांहून लांब रांग लावूं नका. एका वेळीं एकच गोष्ट सांगा, तीहि थोडक्यांत. तासांतला निम्मा वेळ खऱ्या खेळास द्या, व त्यांत सर्वांस सारखी वेळ मिळूं द्या. मुलींस वगळूं नका. नेस्मिथ यांचा हा खेळ १८९२ सालीं सेन्डा बेरेन्सन या शिक्षिकेनें स्मिथ कॉलेजांतील मुलींत सुरू केला होता.

आईबापांस एक विनंति. कडेला उभे राहून मुलास सूचना देऊं नका. शिकविणाराचा एक आवाज त्यास पुरे आहे. घरीं परततांना 'जिंकलास का?' असें न विचारतां 'आज नवें काय जमलें?' असें विचारा. मुंबईंतील नागपाड्याच्या दाट वस्तींतून अब्बास मुन्तसिर पुढें आले, भारताच्या संघाचे कर्णधार झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला. तसा खेळाडू येथूनहि निघाला तर आम्हांस धन्यताच वाटेल. पण हें मैदान त्या एकासाठीं बांधिलेलें नाहीं. जें मूल ठेंगणें आहे, धांवण्यांत मागें पडतें, शाळेंत ज्याला कोणी गड्यांत घेत नाहीं, तेंच प्रथम गळतें. आणि सोबतीची गरज सर्वांत अधिक त्यालाच असते.

म्हणून तरुणमंडळानें एक वही ठेवावी. पहिल्या दिवशीं आलेल्या प्रत्येक मुलाचें नांव तींत लिहावें. जें मूल दोन वेळां आलें नाहीं त्याच्या घरीं कोणीतरी जावें, रागें भरावयास नव्हे, बोलवावयास. वर्षअखेर आम्ही ती वही मागूं. किती ढाली जिंकल्या हें त्या दिवशीं आम्ही विचारणार नाहीं. पहिल्या पानावरील किती नांवें शेवटच्या पानावर आहेत, तेवढें मोजूं.

परमेश्वर तुमच्या श्रमांस यश देवो.