टेनिसचा सामना कसा पाहावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी स्वतः कधी रॅकेट हाती धरलेली नाही. तरीही आज टेनिसवर बोलणार आहे. कारण खेळणाऱ्याप्रमाणे पाहणाऱ्यालाही थोडी विद्या लागते, आणि ती घरी पडद्यासमोर बसून पुरती येत नाही.

पुण्याला बालेवाडीत २०१८ ते २०२३ या काळात, २०२१ साल सोडून, महाराष्ट्र ओपन ही व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा भरत असे. २०१९ चा अंतिम सामना मी तेथे पाहिला. एकीकडे केविन अँडरसन, दुसरीकडे ३९ वर्षांचा, ६ फूट ११ इंच उंचीचा इव्हो कार्लोविच. तीनही सेट टायब्रेकवर गेले आणि अखेर अँडरसन जिंकला.

पडद्यावर कोर्ट वरून दिसते, त्यामुळे चेंडूची उंची कळत नाही. कोर्टाच्या टोकाला, खालच्या रांगेत बसा. जाळे मध्यभागी ३ फूट आणि खांबांपाशी साडेतीन फूट असते. कोर्ट सरळ ७८ फूट लांब, पण एकेरीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साडेब्याऐंशी फूट भरते. म्हणून तिरपा फटका सुरक्षित. तो सखल जाळ्यावरून जातो आणि त्याला जागाही जास्त मिळते. कडेच्या रेषेलगत सरळ मारणे जोखमीचे. एखादा खेळाडू तिरपे मारता मारता एकदम सरळ मारतो, तेव्हा त्याचे धाडस किती ते तेथे बसून उमगते.

दुसरी गोष्ट : एक गेमभर चेंडूवरची नजर काढा आणि एकाच खेळाडूचे पाय पाहा. समोरचा चेंडू मारणार, त्याच क्षणी हा लहानशी उडी घेऊन चवड्यांवर उतरतो, म्हणजे कोणत्याही बाजूला धावता यावे. फटका हाताचा दिसला, तरी त्याची तयारी पायांनी आधीच केलेली असते. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको!

तुम्ही म्हणाल, हे पाहून आपल्याला काय करायचे? मुंबईच्या लीला राव यांनी १९३४ साली विम्बल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकला. तसे करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांच्या मातोश्री, संस्कृत लेखिका पंडिता क्षमाबाई राव, ह्याही टेनिस खेळत. अशी आई असली की मुलीला मैदान परके वाटत नाही. आपण खेळत नसलो, तरी मुलीचा हात धरून प्रेक्षकांत बसू शकतो. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये २०२४ आणि २०२५ च्या फेब्रुवारीत व्यावसायिक महिलांची स्पर्धा झाली. अशी स्पर्धा पुन्हा जवळपास भरली, तर पहिल्या फेऱ्यांनाच जा. तेव्हा एका दिवसात अनेक सामने पाहता येतात. मात्र खेळ चालू असताना बोलू नका, आणि उठायचे ते खेळाडू बाजू बदलतील तेव्हाच.

परतताना मुलीला एवढेच विचारा, "पाय पाहिलेस का?" ती पुष्कळ सांगेल.