वर्गावाचून वस्तू

बेंगळूरूत स्थायिक झालेल्या आपल्यापैकी कित्येकांच्या घरी संगणकाच्या आज्ञावली लिहिणे हाच चरितार्थ आहे. त्यांना प्रारंभीच शिकविले जाते, की आधी ‘वर्ग’ आखावा, मग त्या साच्यातून ‘वस्तू’ घडवावी. हा क्रम अपरिहार्य नाही, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

१९७५ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सस्मन व स्टील यांनी लिस्पच्या कुळात ‘स्कीम’ ही भाषा निर्माण केली. तिच्यातील क्रिया ज्या परिसरात जन्मते, त्याचे स्मरण ती सदैव बाळगते. समजा, एका क्रियेच्या पोटी १०० रुपये शिल्लक ठेवली. ‘५० भर’ असा निरोप जाताच उत्तर येते, १५०. बाहेरच्या कोणाचा हात त्या शिलकेपर्यंत परस्पर पोहोचत नाही. आत जपलेली स्थिती आणि निरोपाला दिलेले उत्तर, वस्तू म्हणतात ती हीच! वर्ग कोठेच आला नाही. न उमगलेला निरोप तिने एखाद्या वडीलधाऱ्या वस्तूकडे सोपविला, की वारसाही साधतो.

१९९५ साली ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट रचताना स्कीमकडून अशा क्रिया घेतल्या आणि ‘सेल्फ’ या भाषेकडून वडीलधाऱ्या वस्तूला विचारण्याची रीत.

घरापासून दूर आलेले आपणही याच रीतीने मराठी राहिलो. मराठीपणाची व्याख्या कोणी हाती दिली नव्हती. जन्मपरिसराचे स्मरण होते, आणि अडले तर वडीलधाऱ्यांना विचारता येत होते. आता मुलांनी विचारावे असे वडीलधारे आपणांस व्हावयाचे आहे.